वडापवाल्याचा रुबाब

नव्वदच्या दशकात मी सांगलीत कॅज्युअल्टीला नर्स होते. जतकडचा एक वडापवाला, म्हणजे गावोगावचे प्रवासी जीपमध्ये भरून नेणारा, पेशंटही आणायचा. खोकणाऱ्याला तो मागच्या दाराशी वाऱ्याला बसवायचा आणि आल्या आल्या सांगायचा, "सिस्टर, ह्याचा खोकला आधी बघा!"

एकदा त्यानं पाय मोडलेल्या तरुणाला खांद्यावर टाकून आत आणलं. टीबी निघाला तर आपलं ठरलेलं लग्न मोडेल, म्हणून तो तरुण खोकला दाबत होता. "साधी सर्दी हाय," म्हणाला.

वडापवाल्यानं मिशीवर ताव दिला. "मी बी हितं मोडका हात घिऊन आलतो. ह्या सिस्टरनी खोकल्यावरनं माझा टीबी धरला. गोळ्या पुऱ्या केल्या, मग लगीन केलं. आन् आत्ता तुला उचलून कुणी आणलं रं?"

तरुणानं थुंकी तपासायला द्यायच्या डबीसाठी हात पुढं केला.