बोटीच्या आधी लुका

श्रीरंग खांबेटे वाईट माणूस मुळीच नव्हता; फक्त त्याच्या तोंडाला कुलूप होतं. १९६० साली तो स्टुटगार्टला डॉक्टरेट करत होता. टर्बाइनची पाती कशामुळे थरथरतात हा त्याचा विषय. पात्यांची थरथर त्याला लांबूनही कळायची. समोर बसलेल्या बायकोच्या मनात काय चाललंय ते मात्र कळायचं नाही, आणि स्वतःच्या मनातलं बोलून दाखवायचं म्हटलं तर सगळाच आनंद होता.

बायको, लतिका, सांगलीची. माहेरी सकाळी डोळे उघडल्यापासून तिची टकळी सुरू व्हायची. भाजीवालीशी बोलायची, शेजारणीशी बोलायची, कुणी नसलं तर चुलीवरच्या दुधाला दम द्यायची. अशी बाई लग्न होऊन स्टुटगार्टला आली. घरमालकीण फ्राऊ एबर्लेंनी पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी बजावल्या: फोडणीचा वास जिन्यात येता कामा नये, आणि केरवोखे, म्हणजे जिना झाडायची पाळी, आपल्यावर आली की जिना लख्ख दिसला पाहिजे. लतिकानं फोडणी सोडली, जिना लख्ख केला, ब्रेड-बटाट्यावर हिवाळा काढला. पण दिवसभरात तिच्या वाट्याला येणारं बोलणं म्हणजे जिन्यातलं ‘ग्र्युस गॉट’, म्हणजे तिकडचा रामराम, एवढंच. संध्याकाळी नवरा घरी यायचा आणि पुस्तकात डोकं घालून बसायचा.

मार्चमध्ये ती म्हणाली, "मी ईस्टरनंतरच्या बोटीनं घरी जाते. तुमचं काम संपलं की या."

ही गेली तर घरात आपण आणि पाती एवढंच उरणार, हे श्रीरंगला लख्ख दिसलं. आणि हा शहाणा काय बोलला असेल? "बरं." एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन इटलीतल्या जिनोव्हा बंदरातून सुटणाऱ्या बोटीवर तिची जागाही ठरवून आला! ‘जाऊ नकोस’ हे शब्द तो रोज ट्राममध्ये मनाशी घोकायचा आणि घराच्या दारात गिळून टाकायचा.

संस्थेच्या वर्कशॉपमध्ये ब्रूनो नावाचा एक इटालियन फिटर होता. त्याचं गाव लुका. तो म्हणाला, "जिनोव्हाला जाताय? मग आधी माझ्या घरी चला. मी ईस्टरला जातोच आहे. आमच्या गावाला अजून सबंध तट आहे, एक वीट हललेली नाही. आणि आई जेवू घातल्याशिवाय सोडणार नाही." श्रीरंगनं घरी विचारलं. लतिका म्हणाली, "बघू या. नाहीतरी बोटीवर काय बघायचंय, पाणीच."

ईस्टरनंतरच्या सोमवारी सकाळी ते लुकात शिरले. विटांचा भला रुंद तट, मध्ये दांडगे बुरूज, आणि तटाच्या माथ्यावर चक्क झाडांची रांग आणि फिरायचा रस्ता. आत गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या खिडकीतल्या बाईकडून वाटीभर साखर मागून घ्यावी. एका मनोऱ्याच्या डोक्यावर तर झाडं वाढलेली.

"अहो, ते बघा! गच्चीवर जंगल!" लतिका म्हणाली. कित्येक आठवड्यांत तिनं आपणहून काढलेला हा पहिला उद्गार. श्रीरंगनं मान हलवली. हलवायची ती मानच हलवली त्यानं.

पुढे एका भट्टीच्या दुकानापाशी ती थबकली. भट्टीतून तांब्याची मोठी पसरट परात बाहेर आली होती आणि दुकानदार त्यातून पिवळ्याधमक पोळीचे तुकडे कापत होता. वास आला आणि लतिका ब्रूनोलाही न विचारता आत घुसली. एक तुकडा हातात घेतला, वर मिरपूड भुरभुरलेली, कडा कुरकुरीत, आत लुसलुशीत. पहिला घास खाल्ला आणि ओरडली, "अहो, बेसन! देवाशप्पथ बेसन आहे! धिरडंच आहे आपलं, फक्त मिरची घालायची विसरलाय हा!"

तिनं ते दुकानदाराला मराठीत सांगितलंही. मिरची, लसूण, थोडी कोथिंबीर, ओवा असला तर उत्तम, असं सगळं हातवारे करून. आणि मजा अशी की तो माणूस तिला इटालियनमध्ये उत्तरं देऊ लागला. तोही हात नाचवत होता. भट्टी दाखवत होता, लाकडं दाखवत होता, बहुधा मिरचीची कल्पना त्याला अजिबात मान्य नव्हती. दोघं चांगली कडाकडा भांडली आणि शेवटी त्यानं तिच्या हातावर आणखी एक तुकडा ठेवला. श्रीरंग बघतच राहिला. लग्नातल्या फोटोत होता तसा तिचा चेहरा झाला होता. त्याला फार आनंद झाला आणि त्याच क्षणी फार भीतीही वाटली, कारण परवा बोट होती.

दुपारी ब्रूनोनं त्यांना तटावर फिरायला नेलं. सुट्टीचा दिवस, अर्धं गाव तिथं लोटलेलं. ब्रूनो डावीकडे वळला तर लतिका म्हणाली, "छे! गावात एवढी देवळं, मध्ये गाव म्हणजे मध्ये देवच. गाव उजव्या हाताला ठेवूनच जायचं." झालं. सगळं गाव एका बाजूनं फिरत होतं आणि ही मंडळी उलट्या बाजूनं प्रदक्षिणा घालत होती. त्यामुळे झालं काय, की पाठी कुणाच्याच दिसल्या नाहीत, सगळ्यांचे चेहरेच सामोरे आले. म्हातारे टोप्या काढत, बायका तिच्या साडीचा पदर हातात घेऊन बघत, आणि लतिका सगळ्यांशी थांबून थांबून बोले. श्रीरंग मागून चालत तटाचे दरवाजे मोजत राहिला. निदान मोजायला तरी काही होतं.

संध्याकाळी ब्रूनोच्या आईनं टेबल भरून टाकलं. लतिका मांस खात नाही म्हणून तिनं पालेभाजी आणि पनीरसारखं चीज भरून करंज्यांसारखं काही केलं होतं. शेवटी तर पालेभाजीतच बेदाणे घालून केलेला गोड पदार्थ आला. त्यात अंडं असणार हे लतिकाला दिसत होतं. तिनं त्याकडे काणाडोळा केला आणि पुन्हा वाढून घेतलं.

जेवता जेवता ब्रूनोच्या आईनं चमचा खाली ठेवला आणि त्याला काहीतरी विचारलं. ब्रूनो ओशाळून जर्मनमध्ये म्हणाला, "म्हणजे... आई विचारते, तुमचं भांडण झालंय का? दिवसभर बघतेय, हिनं नवऱ्याला एकदाही नावानं हाक मारली नाही. आणि यानं हिला."

लतिका पोट धरून हसली. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, घ्यायचं तर कवितेत गुंफून घेते, हे तिनं श्रीरंगकरवी समजावलं. मग काय! सगळं कुटुंब टेबलावर चमचे वाजवायला लागलं. लतिका उभी राहिली. क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली:

"लुकाच्या तटावर सावली मिळे,
श्रीरंगरावांच्या मनातलं काही न कळे."

चमच्यांचा पाऊस पडला. त्यातला एक शब्दही त्यांना कळला नव्हता. श्रीरंगला मात्र सगळं कळलं. आता चमचे त्याच्याकडे वळले. स्वतःच्या लग्नात तो मावशीनं कानात सांगितलेला उखाणा पुटपुटून सुटला होता. इथं कानात सांगायला कुणी नव्हतं. तो उठला. कान लाल, हात टेबलाच्या कडेला घट्ट. मग एकदम, पुलावरून उडी घ्यावी तसा तो म्हणाला:

"लुकाच्या तटाला दरवाजे सहा,
लतिका, जाऊ नकोस, माझ्यापाशी राहा."

पुन्हा चमचे वाजले. ब्रूनो विचारू लागला, काय म्हणाला, काय म्हणाला? श्रीरंग खाली बसला होता. लतिका, जिला सबंध लुका गप्प करू शकलं नव्हतं, ती गप्प झाली. तिनं डोळ्यांना पदर लावला, आणि तिला येत होतं तेवढ्या तोडक्या जर्मनमध्ये ब्रूनोला म्हणाली, "तो बोलला."

म्हातारीला कुणी भाषांतर करून सांगितलं नाही, पण तिनं उठून दोघांच्याही डोक्याचे मुके घेतले.

झोपायला जाताना लतिकानं जिन्यात विचारलं, "आणि बोटीचं काय?"

"बोट जाईल की आपली आपण," श्रीरंग म्हणाला.

"मला ब्रेडचा कंटाळा नव्हता आला हो."

"कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"भीती वाटली. तू नाही म्हणालीस तर, म्हणून," तो म्हणाला, आणि हे सांगणं त्याला उखाण्याहून जड गेलं.

सकाळी स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीशी श्रीरंग खिसे चाचपत होता, तेवढ्यात लतिका पुढे झाली आणि आतल्या माणसाला ठणकावून म्हणाली, "स्टुटगार्ट. दोन." त्याला ते बरोबर समजलं.

गाडी सुटली आणि श्रीरंग बोलायला लागला. पात्यांबद्दल बोलला, ती थरथरतात तेव्हा त्याला काय वाटतं ते बोलला. लहानपणी चिपळूणच्या शाळेत बोलताना अडखळायचा म्हणून मुलं कशी हसायची, ते आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं, तेही बोलला. लतिका ऐकत होती, मध्येच प्रश्न विचारत होती, हसत होती. डोंगर आले, बोगदे आले. कुठल्याशा स्टेशनाच्या पुढे तिचा डोळा लागला आणि डोकं त्याच्या खांद्यावर आलं. तो मात्र थांबला नाही. हळू आवाजात, तिची झोप मोडणार नाही असा, बोलतच राहिला.