पोचट लोंब्यांसह एक पेंढी

दवाने भिजलेल्या पिकल्या भाताचा वास तुम्ही कधी छाती भरून घेतला आहे का? बदलापूरची शेवटची इमारत मागे पडली, डांबर संपून पायवाट लागली आणि तो वास एकदम अंगावर आला. किंचित ओलसर, किंचित गोडसर, शिजत्या भाताचे झाकण उचलावे तसा. समोर चंदेरीचा सुळका कोवळ्या उन्हात न्हात होता आणि दोन्ही बाजूंची पिवळीधमक खाचरे वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीसरशी नम्र होत होती. काय ती प्रसन्न सकाळ! अशा सकाळी ज्याला प्रार्थना सुचत नाही तो माणूस करंटाच म्हणायचा, आणि तो करंटा मी होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चच्या मंडळीत कापणीचा सण होता. शेतातले, परसातले प्रथमफळ वेदीपुढे ठेवायचे आणि देवाचे उपकार मानायचे. यंदा उपकारस्तुतीची प्रार्थना पाळकसाहेबांनी माझ्यावर सोपवली होती. त्यांना नाही म्हणवले नाही. पण आठवडा उलटला तरी वहीत एक ओळ उतरेना. तीस वर्षे मी आनंदनगरच्या एका कारखान्यात मालाची तपासणी केली. हजारांतला एक वाकडा नग नेमका हुडकून काढायचा, हेच माझे कौशल्य आणि हाच माझा अभिमान. निवृत्तीनंतर नग गेले, डोळा मात्र उरला! आमटीतले मीठ, सुनेच्या बोलण्यातला सूर, मंडळीच्या गायनातला ताल, साऱ्यांत मला खोट दिसू लागली. आणि डोळे मिटून परमेश्वरापुढे बसलो की तिथेही तक्रारींची यादीच. ज्याला मनात आभार मानता येत नाहीत, त्याने ते चारचौघांत मानायचे कोणत्या तोंडाने? उसने शब्द म्हणायची माझी तयारी नव्हती. म्हटले, निदान वेदीपुढे एक निर्दोष पेंढी तरी ठेवू. एरवी दरवर्षी बाजारातला फ्लॉवर नेणारा मी, यंदा त्या पेंढीसाठी भल्या सकाळी शेताकडे चालत निघालो होतो.

सुमनबाई खाचरात वाकून भात कापत होत्या. त्यांचा मुलगा आमच्याच कारखान्यात मशीनवर होता. त्या ओळखीवर मी पेंढी मागितली आणि त्यांनी ती हसत हातात दिली. मी काय करावे? तिथेच बांधावर बसून एकेक लोंबी निरखू लागलो आणि पोचट दिसली की उपटून टाकू लागलो. सुमनबाई विळा थांबवून बघत राहिल्या. "साहेब, माझ्या पोराचा मालपन तुमी असाच परत धाडायचे ना?" म्हणत त्या खळखळून हसल्या. "अवो, इथं शेत हाय, कंपनी नाय. भरलेली न् पोचट, दोनी एकाच पावसानं वाढल्यात." मग माझ्या पायांशी पडलेल्या लोंब्यांतली एक त्यांनी उचलली, तिच्या बुडाशी लपलेला दाणा नखाने सोलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी चघळला. गोड होता.

प्रभूही असाच शेतांतून चालत असे, नाही का? भुकेल्या शिष्यांनी वाटेत कणसे मोडून खाल्ली, तो त्यांना रागे भरला नाही. चुका काढणारे मात्र तेव्हाही हजर होते. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आणि दर वेळी बिनदिक्कत स्वतःला शिष्यांत मोजत आलो! त्या बांधावर मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, आणि खरे सांगतो, पाठोपाठ हसूही फुटले. एवढ्या पोचटपणासकट त्याने मला इतकी वर्षे आपल्या पेंढीत राहू दिले होते की!

टाकलेल्या लोंब्या मी एकेक करून पुन्हा पेंढीत खोचल्या. सुमनबाईंनी ती पेंढ्याच्याच बंदाने घट्ट बांधली आणि म्हणाल्या, "आमचंपन नाव सांगा तुमच्या देवाला."

परतताना तोच वास आता खांद्यावरून येत होता. वाटेतच मी सांगायला लागलो. आधी सुमनबाईंचे नाव घेतले, मग त्यांच्या मुलाचे, मग त्या एका दाण्याचे, मग सुनेचे, आणि तिच्या अळणी आमटीचेसुद्धा. आमच्या इमारतीचा जिना आला तरी यादी संपली नव्हती, म्हणून पेंढी खांद्यावर घेऊन मी बराच वेळ खालीच उभा राहिलो.