मोटारखान्याचे दुसरे दार

‘या मोटारखान्यास समोरासमोर दोन दारे आहेत. थोरल्या आजोबांना मोटार पुढे हाकता येत असे, परंतु मागे घेणे त्यांना आयुष्यभर साधले नाही. यास्तव धाकट्या आजोबांनी मोठ्या कल्पकतेने अशी योजना केली, की मोटारीने एका दाराने आत यावे व दुसऱ्या दाराने बाहेर पडावे.’

आमच्या चुलत घरातील एका नातवाने घराण्याची हकीकत छापून घेतली आहे, तिच्यातील ही तीन वाक्ये. नातू शिकलेला आहे आणि त्याची भाषा नेटकी आहे. पहिले वाक्य खरे आहे. उरलेली दोन खोटी आहेत. दुसऱ्या वाक्यात माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादांची, बेअदबी आहे. तिसऱ्यात माझी स्तुती आहे. ही स्तुती मी अर्धे आयुष्य निमूटपणे ऐकून घेतली. दादा आता उत्तर द्यायला नाहीत, म्हणून ते मला द्यावे लागत आहे. आणि ते देताना माझी अब्रू थोडी कमी होणार असेल, तर होवो.

आमचे गाव कळमनुरीहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत. महायुद्धाच्या आधीची एकदोन वर्षे असतील. नांदेडचे एक अंमलदार हैदराबादेस बदलून चालले होते, त्यांची कापडी टपाची मोटार दादांनी घेतली. ती दिवाळीनंतर, रस्ते वाळल्यावर यायची होती. तोवर तिचे घर बांधायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले, कारण हैदराबादेस शिकत असता मी एका हवेलीचा मोटारखाना आतून पाहिला होता. एकदाच पाहिला होता. पण त्यानंतर तो मला कितीदा तरी स्वप्नात दिसला, आणि प्रत्येक स्वप्नात थोडा थोडा मोठा होत गेला.

कागदावरचा नकाशा दादांना पटेना. तेव्हा मी रिकाम्या खळ्यावर चुलीतल्या राखेने खऱ्या मापाचा मोटारखाना रेखला. राखेच्या भिंती, राखेची खिडकी, मध्ये माणूस उभा राहून मोटारीच्या पोटाखाली काम करू शकेल असा लांबट खड्डा. दादा त्या राखेच्या घरात उपडे टोपले ठेवून, जिथे हाकणाऱ्याची जागा येईल तिथे, बसले. मी मोटारीच्या तोंडाशी उभा. आश्विनातले कोवळे ऊन होते. दादांनी दोन्ही हात हवेत धरले होते आणि डोळे मिटले होते. तशा स्थितीत आम्ही किती वेळ होतो, हे मला सांगता येणार नाही. वाऱ्याने राखेची रेघ हलली की मी ती पुन्हा ओढीत असे.

माय तिकडून जात होती. ती थांबली.

“काय करून राहिले रे दोघं?”

“मोटारीचं घर,” दादा डोळे न उघडता म्हणाले.

“आन् मोटार कुठंय?”

“येऊन राहिली.”

“मंग घर जरा ऐसपैस करा. येता येता वाढली तर?”

आम्ही घर ऐसपैस केले. पूर्वेला मोठे दार, कारण सकाळचा उजेड थेट इंजिनावर पडावा ही दादांची इच्छा. वरच्या अंगाला झरोके, पेट्रोलचा वास कोंडू नये म्हणून. भिंतीत प्रत्येक पान्यासाठी त्याच्या मापाचा कोनाडा. कळमनुरीचे एक म्हातारे मुसलमान गवंडी, ज्यांना सारे गाव मिस्त्री म्हणत असे, त्यांनी खड्डा घडीव दगडाने असा बांधला की पावसाळ्यातही त्यात पाझर आला नाही. संध्याकाळी आम्ही अर्धवट भिंतींमध्ये जाऊन बसत असू. छप्पर नसलेल्या त्या जागेत आभाळ मोटारीच्या आकाराचे दिसे.

आता माझा अपराध सांगतो.

आमच्याकडे भिंती उभ्या राहण्याआधी दाराची चौकट बसवतात. सुताराने सागवानाची चौकट आणली. दोन बाजूंचे खांब, वरची पट्टी आणि खाली उंबरा, वीतभर उंच. मुहूर्त पाहिला. उंबऱ्याखाली मायने हळकुंड आणि सुपारी ठेवली, वर हळदीकुंकू वाहिले, झेंडूची माळ बांधली. नारळ फुटला. दादा होते, मी होतो, मिस्त्री होते, सुतार होता, अर्धे गाव होते. एकाच्याही मनात आले नाही की या घरात राहायला येणाऱ्याला पाय नाहीत, चाके आहेत. माझ्या राखेच्या नकाशात उंबरा होता. ती इतर रेघांसारखी एक रेघ होती आणि तिच्यावरून दादा रोज चालत जात होते. रांगायला लागल्यापासून आपण उंबरे ओलांडतो. पाऊल आपोआप उचलले जाते आणि डोळ्याला उंबरा दिसत नाही. परंतु नकाशा माझा होता. चूक सुताराची नव्हती आणि मिस्त्रींचीही नव्हती. ती माझी होती.

मोटार दुपारी आली. धुळीने ती पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखी दिसत होती. नांदेडहून दादांनीच ती हाकत आणली होती. गाव भोवती जमले. दादांनी ती सावकाश दाराकडे घेतली, पुढची चाके उंबऱ्याला टेकली, इंजिनाने एक उसासा टाकला आणि ते बंद पडले.

“क्यों जी,” मिस्त्री हळूच म्हणाले, “नई दुल्हन है, शरमा रई क्या?”

कोणी हसले नाही. दादांनी खाली उतरून उंबऱ्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, म्हणून ते मला अधिक लागले.

“फळी टाकू,” ते म्हणाले.

माय दाराच्या आत उभी होती, ओवाळणीचे ताट घेऊन. “उंबऱ्यावर आपण पाय देत न्हाई. तू चाक देतूस?”

“चाक फळीवर राहील, माय.”

“मंग मी बी देवघरात फळी टाकून चपला घालून जाते. चालंल?”

“बरं, उंबराच काढू.”

“पुजलेला?” एवढेच ती म्हणाली आणि ताट खाली ठेवले. तो विषय तिथे संपला. माय रागावली असती तर तिला समजावता आले असते.

मोटार आठ दिवस लिंबाखाली राहिली. तिच्यावर लिंबाची पिवळी पाने पडत, टपावर कोंबड्या बसत. येणारा-जाणारा विचारी, “घर झालं, मंग मोटार भायेर काहून?” दादा प्रत्येकाला एकच उत्तर देत, “चुना ओला हाय अजून.” चुना कधीच वाळला होता. ते हे माझ्यासाठी बोलत होते.

नवव्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी मोटारखान्याला एक फेरी मारली, मागच्या म्हणजे पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहिला आणि मायसमोर जाऊन उभे राहिले.

“बाई, दरवाजा बनाया तो उंबरा लगता. बराबर?”

“बराबर.”

“तो हम दरवाजा बनातेच नै. ये पिछे की भिंत गिरी समझो. खिंडार को उंबरा कहाँ रहता?”

मायने पदर तोंडाशी नेला. ती हसत होती. “मिस्त्री, तुमी लई लबाड.”

“आपका बी दिल रखना, मोटार का बी रखना. इत्ती लबाडी तो माफ है.”

दोन दिवसांत मागची भिंत उतरली. वर सागाची तुळई घातली, खाली जमीन सपाट. बंद करायला बांबूच्या तट्ट्या. नातू ज्याला ‘दुसरे दार’ म्हणतो, ते हे. त्याला कल्पकता हवी असेल तर ती मिस्त्रींची आहे, माझी नव्हे.

यापुढे नातवाने नीट वाचावे. मोटार पश्चिमेच्या खिंडाराने आत जाई आणि तिचे तोंड पूर्वेच्या दाराकडे राही. पूर्वेला उंबरा. म्हणून तिला बाहेर काढायची ती मागे घेऊनच. आत वळायला जागा नव्हती. तोंड उलटे ठेवावे म्हटले, तर आत नेताना मागे घ्यावे लागे. कोणत्याही रीतीने मागे घेणे टळत नव्हते. दादा रोज सकाळी डावा हात बाकाच्या पाठीवर टाकून, मान वळवून, ती लांबलचक गाडी त्या खिंडारातून काढीत; मग विहीर एका बाजूला आणि लिंब दुसऱ्या बाजूला ठेवून एका वळणात सडकेपर्यंत नेत. मागे जाताना त्या इंजिनाचा एक वेगळाच सूर लागे, गुणगुणल्यासारखा. मी कोनाड्यातले पाने पुसत तो ऐकत असे. पूर्वेचे दार उघडे असे, उंबऱ्यावर मायची ताजी रांगोळी असे, आणि मोटार निघून गेल्यावर तिच्या जागी उन्हाचा एक मोठा चौकोन उरे. त्यात धूळ तरंगत राही. त्या चौकोनात मी पुष्कळ सकाळी नुसता बसून काढल्या आहेत. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासे झाले, मोटार आठवडेच्या आठवडे जागची हलेना. तरी दादा अधूनमधून तिला लिंबापर्यंत मागे नेत आणि परत आत आणीत. विचारले तर म्हणत, “तिला विसर पडू नये.”

मग ही अफवा आली कुठून? तेही सांगतो, कारण ते माझ्या विरुद्ध जाते. एकदा परगावचे पाहुणे मोटारखाना पाहत होते. त्यांच्यातील एकाने विचारले, “मालक, दोन दारं काहून?” मी कोनाड्यातला एक पाना काढून पुसू लागलो. दादा हसून म्हणाले, “मला मागं घेता येत न्हाई हो. धाकट्यानं अक्कल लढवली.” सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून ही गोष्ट गावोगाव फिरते आहे आणि आता छापून आली आहे. दादांनी आपला हुनर माझ्या चुकीवर पांघरूण म्हणून घातला, आणि मी ते पांघरूण इतकी वर्षे अंगावरून काढले नाही.

नातू म्हणेल, खुद्द आजोबांचे शब्द आहेत. म्हणेल, मी जाऊन पाहिले, पूर्वेच्या दाराला उंबरा नाही, दोन्हीकडून गाडी सरळ जाते. आज जाते, हे मी मान्य करतो; मोटार होती तेव्हा जात नव्हती. त्या जागेत आता कापसाच्या गाड्या लागतात.

निजामाचे राज्य गेले त्या साली मोटार आमच्या घरातून कायमची गेली, तेव्हा माय निरोप द्यायला उभी होती. उंबरा मी माझ्या हातांनी काढला, तो माय गेल्यानंतर.