मार्चमधला समुद्र

मिहानमधल्या आमच्या कॉल सेंटरच्या गेटवर म्हातारे गार्डकाका रजिस्टर घेऊन बसतात. पास दाखवला तरी सही घेतात आणि सही होईपर्यंत पेनचं टोपण मुठीत धरून ठेवतात. परदेशात फळीवरून लाटांवर स्वार होणाऱ्यांना कोणता रबरी सूट घ्यावा, हे मी फोनवर सांगतो. हे काकांना कळल्यापासून त्यांचा रोज एकच प्रश्न, "साहेब, मार्चात जाड सूट लागते का पातळ?"

पहिल्यांदा मी ऐटीत सांगितलं होतं, "जाडच. तिकडे हवा तापली तरी समुद्र उशिरा तापतो. मार्चमध्ये पाणी बर्फासारखं असतं."

सही झाली तरी टोपण मुठीतच राहिलं.

"पोरानं तिकडून फोनवर विचारलं होतं मले," ते म्हणाले. "आपल्या इकडे कूलर निघून राहिले होते. म्हटलं, मार्च लागला बाबू, जाड काहून घेतं? पातळच घे."

पोरगा पाण्यातून परत आला नाही, हे मला दुसऱ्या गार्डकडून कळलं.

आज त्यांनी पुन्हा विचारलं. मला राहवलं नाही. म्हणालो, "पातळही चालतो."

"नाही साहेब," ते शांतपणे म्हणाले, "जाडच लागते." आणि सहीसाठी रजिस्टर पुढे सरकवलं.