आधी चष्म्याले गोळी मारा

फौजेतून हवालदार म्हणून घरी आलो, पण माझी शेवटची पोस्टिंग मोताळ्याची, असंच मी समजतो. तिथं भरतीची तयारी करून घेणारी अकॅडमी होती. पहाटे फॉल इन, मग दौड, पीटी, ड्रिल. मी सातवी नापास, पण ग्राउंडवर हुकूम माझा.

बीटी कपाशीचे दिवस. बोंडअळी जाते म्हणाले, फवारणी काही सुटली नाही. दवा विकणाऱ्यांनी गावोगाव फवारणीचे चष्मे फुकट वाटले होते. फुकटाच्या चीजेवर माझा भरवसा नाही.

अशात अकॅडमीच्या सरांनी प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या बंदुका आणल्या. दोन सेक्शन करून लढाई खेळवायची. डोळ्यांसाठी पोरापोरींनी घरून तेच फवारणीचे चष्मे आणले.

"सुरू करा हवालदार. खेळणंच तं हाय."

"डोयाले छर्रा लागला तं पोरगं मेडिकलमध्ये अनफिट, सर. भरती खतम."

चष्मा कुंपणाच्या खांबाला बांधला, जवळून एक छर्रा मारला. काच फुटून आतल्या अंगाला पडली. दवा उडू नये म्हणून बनवलेली चीज ती, मार कुठून सोसणार?

सरांच्या डोळ्यावर काळा गॉगल होता. मी हात पुढं केला.

"आता तुमचा द्या."

"महागाचा हाय हो."

"मंग डोया स्वस्त हाय का?"

सरांनी गॉगल खिशात घातला. पण अकोल्याहून दुसरे चष्मे मागवले. जाड काच, भोवती रबर, मागून पट्टा. डब्यावर इंग्रजीत काहीबाही छापलं होतं. छापायला काय, काहीही छापता येतं. त्यातला एक मी तसाच खांबाला बांधला. छर्र्यावर छर्रा मारला, नुसता डाग पडला. पोरांना घालून पाहिला. गालाजवळ बोट शिरत नव्हतं.

"आता तरी बसला विश्वास?"

"नाई. पोराइले घालून दौडू द्या, मंग पाहू."

"तुम्ही बायकोवर तरी विश्वास ठेवता का हो?" सर म्हणाले. पोरं हसली. मी शिटी वाजवून लढाई सुरू केली.

ऊन कडक होतं. सोनाळ्याची वैशाली, दौडीत सगळ्यात पुढं असणारी, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगामागं पोझिशन घेऊन होती. मी पाहत असतानाच तिनं चष्मा कपाळावर सरकवला. समोरून बंदुकीची नळी निघाली.

"सीज फायर!"

छर्रा सुटला होता. भुवईवर बसला. थोडं खाली असतं तर डोळा गेला असता.

"काऊन काढला वं?"

"उस्ताद, वाफ धरली. काईच दिसे ना."

सर म्हणाले, "पोरीची चुकी हाय."

"चष्म्याची हाय, सर. जो मधातच काढा लागते, तो मजबूत असून काय कामाचा?"

वाफ न धरणारे, दुहेरी काचेचे चष्मे येईपर्यंत मी बंदुका कुलपात घातल्या. किल्ली माझ्याजवळ. सर चिडले. "एवढा शक कायले घेता?" म्हणाले. तेव्हा त्यांना नामदेवचं सांगितलं.

लान्स नायक नामदेव, वाशिमकडचा, माझ्याच सेक्शनचा. डोंगरावरच्या पोस्टवर सकाळी शेलिंग सुरू झालं. त्याच्या डोळ्यावर गॉगल होता, चांगला होता. वाफ धरली म्हणून त्यानं तो पुसायला वर केला. गोळा जवळच पडला. दगडाची कपची डोळ्यातून आत गेली. मी वायरलेस सेटवर बोललो, "एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर भेजो. ओव्हर." खाली नेईपर्यंत तो गेला.

त्याचं सामान मीच बांधलं. गॉगल हातात घेऊन पाहिला. काचेवर ओरखडासुद्धा नव्हता.