रडायच्या सीनला आलेलं हसू

"हसता तेव्हा आतून आनंद होतो का?" सोलापूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी असं विचारलं, तेव्हा मी आधी नवऱ्याकडं बघितलं, मग टेबलावरच्या प्लास्टिकच्या कवटीकडं. उत्तर मला ठाऊक होतं. पण तोवर सगळ्यांनी मला दुसरंच विचारलं होतं, हसलात कशाला म्हणून.

"न्हाय," मी म्हणाले. "आतून मेल्याहून मेल्यासारखं होतं."

"मग हा तुमचा स्वभाव नाही, आजार आहे. याला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात."

त्यांनी समजावून सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. हसू आणि रडू सगळ्यांनाच येतं, पण मेंदू त्याला आवर घालतो. कधी स्ट्रोकनंतर तो आवर सुटतो. मग बारीकशा कारणानं, नाहीतर कारण नसतानाही, माणूस हुंदके देतो किंवा खदाखदा हसतो. मनात एक आणि तोंडावर भलतंच. थांबवू म्हटलं तर थांबत नाही. हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटली ती लाजच, कारण येरमाळ्यात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मी तुळजापूरची. पंचायत समितीत क्लार्क होते, आता रिटायर. पण बायकांत माझी ओळख पिक्चरवाली अक्का अशी. नवा पिक्चर लागला की मी आणि माझी धाकटी जाऊ शैला एसटीनं सोलापूर गाठणार, दुपारचा शो बघणार, आणि परतीच्या गाडीतच मी भिशीच्या ग्रुपवर माझं मत बोलून टाकणार. अक्का बरा म्हणाल्या तर जायचं, नाहीतर घरच्या टीव्हीवर येईस्तोवर थांबायचं, असा बायकांचा शिरस्ता.

आणि माझी जीभ म्हणजे सुरी. हल्लीचे मारामारीचे पिक्चर, त्यात हिरो चालतोच इतका हळू की तो दारापर्यंत पोचेस्तोवर आमचा समोसा संपतो. आवाज तर असा की कानात कापूस घालून बसावं. मराठी पिक्चरमधलं खेडं बघितलं की माझं टाळकं सरकतं. बायका शेतातून येतात आणि लुगड्याची इस्त्री मोडलेली नसते, आणि गावचा माणूस म्हणजे येता-जाता शिव्या देणारा. घरी बघायच्या मालिका तर चुइंगमसारख्या, दोन तासांची गोष्ट आठ भाग ताणलेली. बऱ्याला मी बरं म्हणत नव्हते असं नाही. मागं एकदा जुने पिक्चर पुन्हा थेटरात लागले, तेव्हा सगळ्यांना हाताला धरून पाठवलं होतं.

रडवणाऱ्या पिक्चरचा मात्र मला भारी राग. आई खाटेवर, पोरगा उशाशी, मागं बासरी सुरू झाली की मी शैलाला कोपर मारायची. ती पदर डोळ्याला लावून बसलेली असायची. "त्यांनी कांदा चिरला की तू रडणारच," असं मी तिला चारचौघांत चिडवायची. ती हसून सोडून द्यायची. शैलासारखं माणूस म्हणून माझ्याबरोबर इतकी वर्षं टिकलं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी माझ्या हातातला चहाचा कप निसटला. नवऱ्यानं काय झालं विचारलं तर माझी जीभ जड. दुपारपर्यंत आम्ही सोलापूरच्या दवाखान्यात. एमआरआय झाला, म्हणजे त्या मोठ्या धडधडत्या नळीत निजवून डोक्याचे फोटो काढतात तो. लहानसा स्ट्रोक निघाला. मेंदूला रक्त नेणारी एक बारीक नळी तुंबली होती. आठवड्याभरात हात चालू लागला, बोलणंही सुधारलं. सगळे म्हणाले, आई भवानीनं राखलं. खरंच राखलं. पुढं काय वाढून ठेवलंय ते तेव्हा कुणाला दिसणार.

घरी आल्यावर कुकरची जाहिरात बघून मला रडू फुटलं. अशक्तपणा असेल म्हणून सोडून दिलं. महिनाभरानं शैला म्हणाली, चला अक्का, लई दिस झाले. पिक्चर अगदीच टाकाऊ होता. हिरोनं फटफटीला किक मारली आणि मी हमसून हमसून रडायला लागले. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. शैलाला कोण आनंद. तिनं लगेच ग्रुपवर टाकलं, अक्का रडल्या! झालं, अक्का रडली म्हणजे पिक्चर काय असेल म्हणून भिशीच्या बायका जीप करून सोलापूरला गेल्या आणि तोंडं वाकडी करून परत आल्या. "त्यात रडण्यासारखं काय हुतं वो अक्का?" एकीनं विचारलं.  वय झालं, असं म्हणून मी वेळ मारून नेली. त्यानंतर माझं मत कुणी विचारेना. माझी लाज तेवढ्यावर थांबली असती तर मी हसत हसत सोसली असती.

शैलाचं माहेर येरमाळा. तिची आई गेली तेव्हा आम्ही तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. म्हातारीला मी चांगली ओळखत होते. तिथल्या येडाई देवीच्या यात्रेला गेलं की तिच्या हातची शेंगापोळी खाल्ल्याशिवाय तिनं मला कधी परत पाठवलं नाही. घर बायकांनी भरलेलं. शैला भिंतीला टेकून बसली होती. मला बघून ती उठली, आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली.

आणि मला हसू आलं.

गालातल्या गालात नाही. मोठ्यानं, खदाखदा. ती माझ्या गळ्यात पडून रडतीय आणि मी हसतीय. मी तोंडात पदर कोंबला, तर जास्तच. शैला बाजूला झाली. तिनं माझ्याकडं कसं बघितलं ते मी इथं लिहू शकत नाही. तिचा भाऊ दारातून म्हणाला, ह्यांना बाहेर न्या. नवऱ्यानं मला दंडाला धरून रस्त्यावरच्या एका दुकानाच्या बाकावर नेऊन बसवलं. तिथंही मी हसतच होते, आणि डोळ्यांतून पाणी. जमीन दुभंगावी आणि आत जावं म्हणतात ना, तसं झालं मला.

परतल्यावर शैलानं माझ्याशी बोलणं टाकलं. आमची घरं लागून, भिंत एक. तिच्या टीव्हीचा आवाज मला ऐकू यायचा. पूर्वी पिक्चर लावला की ती भिंतीवर थाप मारायची, आता थाप येत नव्हती. नवऱ्यानं बाकावर माझं तोंड नीट बघितलं होतं. तोच म्हणाला, "ही तू नव्हतीस, डॉक्टरला दाखवू." त्याच्यामुळं मी त्या टेबलासमोर पोचले.

डॉक्टरांनी गोळी दिली. ती मन खचलेल्या माणसांनाही देतात, या आजाराला कमी मात्रेत लागते. "पूर्ण जाईलच असं नाही, पण कमी होईल. येतंय असं वाटलं की नजर दुसरीकडं न्या, श्वास सावकाश सोडा, बसायची पद्धत बदला," असं ते म्हणाले. "आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा. लपवू नका."

मी नेमकं लपवलं. गोळ्या सोलापुरातूनच आणायची, गावातल्या मेडिकलवाल्याला कळू नये म्हणून. ही वेडाची गोळी खाते असं म्हणतील, ही भीती. आणि शैलाला काय सांगणार? तुझ्या आईच्या दारात हसले तो आजार होता म्हणून? हसून झाल्यावर आजाराचं नाव सांगणारी बाई मी स्वतःच खोटारडी ठरवली असती. तुमच्यापैकी कुणावर हे आलं असेल तर माझ्यासारखं करू नका. नाव कळलं त्याच दिवशी सांगून टाका.

शेवटी नवऱ्यानं भुणभुण लावली म्हणून एका दुपारी मी शैलाच्या दारात गेले. ती टीव्हीवर पिक्चर बघत होती. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी कडेच्या खुर्चीवर बसले. मनात सगळं जुळवून आणलं होतं, पण तोंड उघडेना. टीव्हीवर विनोदी सीन चाललेला. एका जाड्या सावकाराचं धोतर सायकलच्या चेनमध्ये अडकलेलं आणि तो एका पायावर उड्या मारत पळतोय. मला हुंदका फुटला. मग दुसरा. नजर वळवली, श्वास सोडला, काही उपयोग नाही. मी लहान पोरासारखी रडत बसले.

शैलानं आधी लक्ष दिलं नाही. मग तिनं टीव्हीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत टीव्हीकडं बघितलं.

"अक्का, ह्या सीनला कुणी रडतं व्हय?"

मी मानेनंच नाही म्हणाले.

"येरमाळ्यात ह्येच झालं हुतं?"

मग मी सगळं सांगितलं. स्ट्रोक, डॉक्टरांचा प्रश्न, गोळी, गोळी कुठून आणते तेसुद्धा. तिच्या आईचं नाव घेतलं तेव्हा मला ना हसू आलं ना रडू, याचीही लाजच वाटली. 

"मला आधी ठावं असतं तरी त्या दिशी म्या तुमचं तोंड बघितलं नसतं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू." मग तिनं रिमोट घेतला आणि पिक्चर मागं नेला. "तुमच्या नादात माझा सीन गेला." सावकार पुन्हा पळायला लागला. ती उठून चहा टाकायला गेली आणि मी सीन तिच्यासाठी थांबवून ठेवला.

गोळ्यांनी मला फरक पडलाय. महिन्यातून एखाद्या वेळी होतं. मागच्या आठवड्यात शैला स्वतःहून म्हणाली, चला. थेटरात तिनं कडेची सीट घेतली आणि माझ्या पलीकडच्या अनोळखी बाईला सांगून टाकलं, "आमच्या अक्कांना आजार हाय. मधीच हसल्या तर मनावर घिऊ नका." मी शरमेनं अर्धी झाले. ती बाई म्हणाली, असू द्या की, आणि तिनं पॉपकॉर्न पुढं केलं. डॉक्टरांचे उपकार मी मानतेच, पण मला परत माणसांत आणलं ते शैलानं.

पिक्चरमध्ये आई मरते. खाट, पोरगा, बासरी, सगळं आलं. मी श्वास धरून बसले, हसू आलं नाही. डोळे भरले, आणि हे माझं मलाच आलेलं रडू होतं. मी शैलाकडं बघितलं. ती पदर डोळ्याला लावून बसली असेल असं मला वाटलेलं. तिचे डोळे कोरडे होते. तिनं बघितलं आणि तिचा रुमाल माझ्या हातात दिला.

परतीच्या एसटीत भिशीच्या ग्रुपवर विचारणा आली, अक्का, कसा हाय पिक्चर? कितीतरी दिवसांनी कुणीतरी विचारलं होतं. मी फोन शैलाच्या हातात दिला. म्हणाले, तू सांग. ती आढेवेढे घेत होती, तिनं कधी मत दिलंच नव्हतं. मग तिनं बटण दाबून धरलं आणि बोलली.

"गाणी बरी हायेत. आई मरती तो सीन खोटा हाय. आई मरताना येवढं बोलत न्हाय. पाणी मागती, आन् आपुन आणेस्तोवर गेलेली असती."

फोन तिनं पर्समध्ये टाकला. तामलवाडी मागं पडली. मी इतकी वर्षं ज्या रडण्याला कोपर मारत आले, ते आता तिच्यापाशी उरलं नव्हतं, आणि ज्या दिवशी होतं त्या दिवशी मी हसले होते. मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी विनोदी लागतोय म्हणं. रुमाल जास्तीचा घ्या."

मला हसू आलं. खरं का आजाराचं, ते तिनं विचारलं नाही.