शालिनीताईंच्या डोक्यातली गाठ

ग्वाल्हेरच्या एका शाळेत शालिनीताईंनी तीस वर्षं गृहविज्ञान शिकवलं. जेवणाआधी हात धुण्याचा धडा त्या इतका जीव तोडून शिकवायच्या, की मुली घरी जाऊन आजोबांची नखं तपासायच्या.

निवृत्तीनंतर एकदा सकाळच्या चहाला त्यांचा उजवा हात आपोआप झटके देऊ लागला. नवऱ्याशी, म्हणजे रमाकांतांशी बोलताना तो हात नेहमीच हलायचा. त्यामुळे पहिलं मिनिटभर रमाकांतांना काही निराळं वाटलंच नाही. मग बशी फुटली, ताईंचे शब्द अडखळले आणि रमाकांत घाबरले.

कंपू भागातल्या डॉक्टर गरिमा या ताईंच्याच जुन्या विद्यार्थिनी. स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला वाटाण्याएवढं कडं दिसत होतं.

"कॅन्सर?" ताईंनी सरळ विचारलं.

"नाही मॅडम. डुकराच्या मांसातून येतो ना, त्या जंताची अळी आहे."

"आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

"जंताचं अंडं आलं, बस दिसलं नाही. न धुतलेल्या भाजीवरून पोटात गेलं, अळी निघाली आणि रक्तातून वर पोचली."

रमाकांत छताकडे बघत म्हणाले, "मुरारच्या बाजारात ही मुळा पदराला पुसून तिथंच खाते."

ताईंनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती गरिमांनी शाळेत अनेकदा सोसली होती. त्यांनी घाईने विषय पुढे नेला. जिवंत अळी शरीराला चकवून वर्षानुवर्षं गप्प पडून राहते. मरायला लागली की तिचं बिंग फुटतं. मग रक्तातल्या पेशी धावून येतात आणि तिच्याभोवती भिंत घालतात. ती भिंत म्हणजेच ही गाठ. तिच्या सुजेनं झटके येतात. अळी पुरती संपली की पेशी राडारोडा उचलून पांगतात.

झटक्यांच्या गोळ्या, जंतांचं औषध, सूज उतरवणारं औषध सुरू झालं. या शेवटच्या औषधानं ताईंना अशी भूक लागायची, की रमाकांत दुपारी पुन्हा पोहे करायला शिकले.

सहा महिन्यांनी कडं गेलं होतं. उरला होता चुन्याचा एक बारीक ठिपका.

"हा कधी जाणार?"

"राहीलही, मॅडम. गोळ्या मात्र मी सांगेपर्यंत बंद नाही करायच्या."

पुढच्याच आठवड्यात ताई शाळेत गेल्या आणि एक तास मागून घेतला. न धुता मुळा खाणाऱ्या एका शिकलेल्या बाईची हकीकत त्यांनी मुलींना रंगवून सांगितली.

"मॅडम, इतनी पढ़ी-लिखी थी, फिर भी?" एकीने विचारलं.

ताईंनी चष्मा पुसला. "हो," त्या म्हणाल्या, "आणि ती मीच."